मुठीतला अंगठा

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुलगावच्या एका मंगल कार्यालयात पाहुण्यांची वाट बघत बसलो होतो. माझ्यासोबत पन्नास-साठ लेकरं आणि त्यांच्या आया. शिबिराची वेळ नऊची, घड्याळात साडेअकरा. एका लेकराला नुकताच झटका येऊन गेला होता आणि ते आईच्या मांडीवर ओलं होऊन पडलं होतं. त्याच्या डोक्यावर 'हसरं बालपण' छापलेला फ्लेक्स फडफडत होता. फोन ऑफिसातून आला नाही, अल्लीपूरच्या सुमनबाईचा आला. सुमनबाई म्हणजे गावातली तान्ही लेकरं न्हाऊ घालणारी बाई. ती फोनवर रडत नव्हती, नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, "सर, ताई गेल्या जी. सकायी पिशवी घेऊन निंघाल्या, अन् घराच्या दारातच बसल्या. उठल्याच नाई." मी विचारलं, कोण ताई? कळलं होतं, तरी विचारलं. ती म्हणाली, "आपल्याले ताई एकच होती ना जी…"

मी स्टेजवर जाऊन आमच्या केंद्राच्या साहेबांना सांगितलं. पाहुणे तेवढ्यातच आले होते. साहेबांनी चेहरा पाडला, माइक हातात घेतला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मी समोरच्या घड्याळाकडेच बघत होतो. चाळीस सेकंदांत साहेब "धन्यवाद" म्हणाले आणि दीपप्रज्वलनाकडे वळले. मला तेव्हा रडू आलं नाही. किळस आली. शोभाताईंचा त्याला एक शब्द होता, शिसारी. दिवसातून दोनदा तरी त्या तो वापरायच्या. "मले शिसारी आली गा नितीन," असं म्हणत पिशवी टेबलावर आपटायच्या आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायला सुरुवात करायच्या. आमची मैत्री या शिसारीवरच झाली. दोघांचंही काही गोष्टींवरून एकदमच पित्त खवळायचं. फरक एवढाच, की त्या पित्त खवळलं की उठून कामाला लागायच्या, आणि मी चहा प्यायला जायचो.

आमचं केंद्र काय करतं ते थोडक्यात सांगतो, कारण वर्ध्यातल्याच निम्म्या लोकांना ते ठाऊक नाही. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या ज्या लेकरांचं मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं मागे पडतं आहे त्यांना लवकर हुडकायचं आणि लगेच कामाला लागायचं. मेंदू तेव्हा ओल्या मातीसारखा असतो, घडवायचं ते तेव्हाच. भाषणात साहेब याला 'सुवर्णकाळ' म्हणतात आणि त्या सुवर्णकाळातले अडीच तास लेकरांना पाहुण्यांसाठी ताटकळत ठेवतात. शोभाताई तिथे विकासतज्ज्ञ होत्या, लेकराची वाढ वयाप्रमाणे होते की नाही हे बघणाऱ्या आणि घरच्यांना रोजचे मार्ग दाखवणाऱ्या. गावातल्या बाया त्यांना 'खेळवणारी ताई' म्हणत. मी फिजिओथेरपिस्ट. नागपुरातून पदवी घेऊन ताजाताजा आलो तेव्हा माझ्यासाठी खोलीत एक उंच टेबल ठेवलेलं होतं आणि शोभाताई त्याच खोलीच्या कोपऱ्यात सतरंजीवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर एक लेकरू पालथं होतं. मला खालून वरपर्यंत पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लेकराले कधी पायावर घेतलं का गा तू?" मला तो अपमान वाटला. मी म्हणालो, मला टेबलाची सवय आहे. त्या म्हणाल्या, "टेबलाले नाई कयत. पायाले कयते."

टेबलाला कळत नाही, पायाला कळतं, त्यांचं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं आणि ते समजायला मला फार वर्षं लागली. आपल्याकडे तान्ह्याला न्हाऊ घालणारी बाई मोरीत पाय पसरून बसते, लेकरू नडग्यांवर आडवं घेते, तेल लावते, उलटसुलट करते, पाणी घालते. चाळीस दिवस, कुठे तीन महिने, कुठे सहा. त्या बाईच्या पायांवरून वर्षभरात गावातलं जवळजवळ प्रत्येक लेकरू जातं. ढिलं कोणतं, लाकडासारखं ताठ कोणतं, कोणाचे पाय कैचीसारखे एकमेकांवर चढतात, कोण पाणी पडल्यावर दचकत नाही, हे तिला डॉक्टरच्या कितीतरी आधी कळतं. फक्त तिला कोणी विचारत नाही. शोभाताईंनी विचारलं. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या भागांतल्या अशा बायांचे नंबर त्यांच्या फोनमध्ये होते. सकाळी साडेसातची बस पकडून त्या गावात जायच्या, बरोबर आंघोळीच्या वेळी. तपासणी वगैरे शब्द काढायच्या नाहीत. "माय, आज मी धुतो तुयं लेकरू," म्हणायच्या आणि साडी गुडघ्यापर्यंत खोचून मोरीत बसायच्या. दहा मिनिटांत लेकरू न्हालेलं असायचं आणि त्यांना हवं ते सगळं समजलेलं असायचं. मग आईला त्याच आंघोळीत चार गोष्टी करायला शिकवायच्या. वेगळा व्यायाम म्हटलं की घरच्या बायांना तो वेळेअभावी जमत नाही. आंघोळ मात्र कोणी चुकवत नाही.

आता त्यांना देवी करून ठेवायची माझी इच्छा नाही. त्या गेल्यापासून त्यांच्याबद्दल इतकं गोडगोड बोललं गेलं आहे की दात शिवशिवायला लागले आहेत. त्या भांडखोर होत्या. लेकराच्या कानानाकात तेल ओतणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या सगळ्यांसमोर झापायच्या. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून लेकराला हात लावणाऱ्या बाईला आधी थुंकायला, मग दोनदा हात धुवायला लावायच्या. सुमनबाईचा खर्रा त्यांनीच सोडवला, शिव्या देऊन. शहाण्या आईबापांचा त्यांना फार राग. वर्ध्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोन वर्षांचा मुलगा होता, नावाने हाक मारली तर वळत नव्हता. बाप कौतुकाने सांगत होता की त्याला मोबाइलवरच्या सगळ्या गाड्या ओळखता येतात आणि सबंध दिवस तो अजिबात त्रास देत नाही. शोभाताईंनी लेकराच्या हातातला मोबाइल घेतला, स्वयंपाकघरात गेल्या, पिठाच्या डब्यात खोल खुपसला आणि झाकण लावून त्या डब्यावर बसल्या. पाऊण तास लेकरू किंचाळत होतं आणि त्या बापाला त्याच्यासमोर वाटी-चमचा वाजवायला लावत होत्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "गरीब लोकायच्या घरी लेकराले वेळ नाई. अन् यायच्या घरी लेकरूच नको आहे. शिसारी येते मले." तो बाप तक्रार करायला साहेबांकडे गेला आणि साहेबांनी ताईंकडून खुलासा मागितला. त्यांनी एका ओळीचा दिला, "मोबाइल सुरक्षित आहे."

त्या कंत्राटी होत्या. अकरा महिने झाले की करार संपायचा आणि मधे काही दिवसांचा खंड पडायचा, म्हणजे माणूस नोकरीवर असून नसल्यासारखा. एवढ्या वर्षांत हा खंड कधी चुकला नाही. त्या दिवसांत त्यांना खोलीत बसायला मनाई असे, कागदावर सही करायला तर असेच. एकदा अशाच खंडाच्या दिवसांत सुमनबाई चार महिन्यांची एक मुलगी घेऊन आली. मुलीचं नाव परी, सोबत तिची आई रोशनी. दोघं नवरा-बायको रोजमजुरीला जाणारी. रोशनीचं ते पहिलंच बाळंतपण होतं. सुमनबाई दारातूनच म्हणाली, "सर, हे लेकरू पायावर घेतलं का लाकूड होते. अन् मूठ सोडत नाई. ताई कुठी आहेत?" मी म्हणालो, ताई चार दिवस नाहीत, मी बघतो. दुसऱ्या दिवशी शिबिर होतं आणि माझ्यासमोर भरायच्या फॉर्मांचा ढीग होता. मुलगी दूध पिऊन झोपलेली होती. मी तिला टेबलावर घेतलं. झोपलेलं, पोट भरलेलं, गरम लेकरू कोणाचंही सैलच असतं. मी पाय हलवले, मान पाहिली, पाच मिनिटं, फार तर सात. तिच्या मुठी मिटलेल्या होत्या. झोपेत मिटतातच, असं मी स्वतःला सांगितलं. उजव्या मुठीत अंगठा आत होता. चार बोटांच्या आत, गाठोड्यात बांधल्यासारखा. ते मला दिसलं होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितो आहे. दिसलं होतं, आणि तरी मी फॉर्मवर लिहिलं, 'सामान्य. सहा महिन्यांनी दाखवणे.' खाली सही केली.

सुमनबाई हलली नाही. म्हणाली, "सर, उठवून पायावर घेऊन पाहा ना एकडाव." माझ्या पँटला इस्त्री होती, बाहेर आणखी सात लेकरं होती, आणि एका न शिकलेल्या बाईने मला काय करायचं ते सांगावं हे मला रुचलं नाही. मी म्हणालो, "बाई, लेकरू धुणं तुमचं काम, तपासणं माझं." बाहेरच्या चार-पाच जणी हसल्या, त्यांच्याबरोबर मीही. ती परीला फडक्यात गुंडाळून निघून गेली. घरी रोशनीच्या सासूने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. डॉक्टरने लिहून दिलंय म्हटल्यावर विषय संपला. खंडानंतर शोभाताई परत आल्या तेव्हा मी त्यांना सात नवीन लेकरांची नावं सांगितली. सामान्य असलेल्यांची सांगायची पद्धत नव्हती. आणि सुमनबाईने त्यांना सांगितलं नाही, कारण तिला वाटलं, सरांनी पाहिलंय, चुकलं असेल ते आपलंच. शिकलेल्या माणसाच्या हसण्याने न शिकलेल्या माणसाचं काय होतं याचा विचार मी तोवर केला नव्हता.

परी अकरा महिन्यांची असताना शोभाताई दुसऱ्याच कोणाच्या घरी अल्लीपूरला गेल्या होत्या. शेजारच्या ओसरीत एक लेकरू खाटेवर ताठ पडलेलं त्यांना दिसलं. मान धरत नव्हतं, बसण्याचं तर नावच नाही, पाय कैचीत, दोन्ही अंगठे आत. सासू सुनेला दोष देत होती, की हिने ग्रहणात भाजी चिरली. रोशनी ऐकून घेत होती. शोभाताईंनी कागद मागितला. सासूने देव्हाऱ्यातून काढून दिला.

त्या दुपारी त्या केंद्रात आल्या. पिशवी आपटली नाही. माझा डबा समोर उघडा होता, त्याच्याकडे पाहिलं नाही. कागद टेबलावर ठेवला आणि बोट माझ्या सहीवर. मी झोपेचं सांगितलं, शिबिराचं सांगितलं, खंडाचं तर फारच सांगितलं, जणू त्यांच्याच गैरहजेरीचा दोष होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बरी झाली नसती गा ते. थ्या भ्रमात राहू नको. पन बसली असती. मांडी घालून, भिताडाले टेकून का होईना, बसली असती. हातानं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला असता तिनं." मग, "मले तुयी शिसारी नाई आली. सुमनले तू हसला, त्याची आली." त्यांनी तक्रार केली नाही. शिक्षा मात्र दिली. दर मंगळवारी सकाळी साडेसातला अल्लीपूर, परीची आंघोळ. मी मोरीत बसायचं, सुमनबाईने सांगायचं आणि मी करायचं.

मी तीनदा गेलो. फक्त तीनदा… याचं खरं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. बसची वेळ, कामाचा ताण, पाठदुखी, सगळं सांगून झालं. खरं कारण वास होता. दिवसरात्र मिटलेल्या मुठीत घाम साठतो, दूध जातं, मळ साठतो, आतली कातडी पांढरी पडते आणि तिला आंबूस, कुजका वास येतो. पहिल्या मंगळवारी ती मूठ उघडली तेव्हा मला ओकारी आली आणि मी उठून अंगणात गेलो. शोभाताई आत त्या तळहाताच्या घड्या करंगळीने एकेक करून पुसत होत्या आणि परीशी बोलत होत्या, "कुठं लपला होता वं हा अंगठा? कोनाले भेऊन लपला?" तिसऱ्या मंगळवारनंतर वास बोटांतून दिवसभर जाईना आणि मी जाणं बंद केलं. शोभाताई मंगळवारी एकट्याच जायच्या. परत आल्यावर डब्यात हात घालायच्या आधी क्षणभर माझ्याकडे बघायच्या, इतकंच. मी भाजी त्यांच्याकडे सरकवायचो. माणूस स्वतःची किळस किती सराईतपणे पचवतो ते मला तेव्हा कळलं.

परी दोन वर्षांची असताना शिबिरात तिला व्हीलचेअर मिळाली. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मापाची होती, कारण त्या मापाच्याच आल्या होत्या. परीला तिच्यात ठेवलं की ती सरळ खाली घसरायची. फोटोसाठी साहेब, पाहुणे आणि खुर्ची ओळीत उभे राहिले. दोनदा घसरल्यावर शोभाताईंनी तिला उचलून कडेवर घेतलं. साहेब दातांतून म्हणाले, "ताई, खुर्चीत बसवा ना, खुर्ची दिसली पाहिजे." ताई म्हणाल्या, "मंग खुर्चीचाच फोटो काढा साहेब. पोरगी बसत नाई." फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो असा. साहेब कसनुसे हसताहेत, पाहुणे दुसरीकडेच बघताहेत आणि शोभाताई सरळ कॅमेऱ्याकडे बघताहेत, कडेवर परी. ती खुर्ची आता रोशनीच्या सासूच्या गोठ्यात आहे. तिच्यावर तुरीचं पोतं ठेवलेलं असतं. पोतं घसरत नाही.

ऑफिसने श्रद्धांजलीची सभा ठेवली तेव्हा ताईंचा एकट्याचा फोटो कोणाकडेच नव्हता. म्हणून त्या शिबिराच्या फोटोतून त्यांना कापून काढलं. साहेब गेले, पाहुणे गेले, खुर्ची गेली, परीही गेली. पण परीचा उजवा हात ताईंच्या खांद्यावर होता आणि तो कापता आला नाही. चांगली फ्रेम, चंदनाचा हार, आणि ताईंच्या पदराच्या पिनेपाशी एक एकटी मूठ. अंगठा आत. सभेत सहा जण बोलले. ज्या साहेबांनी पिठाच्या डब्याचा खुलासा मागितला होता त्यांनी तोच किस्सा 'कर्तव्यनिष्ठा' म्हणून सांगितला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं. गेलो नाही. माझी पाळी आल्यावर मीसुद्धा 'पोकळी' हा शब्द वापरला.

ताईंचे यजमान हरिभाऊ पहिल्या रांगेत बसले होते. घरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आधीच झाला होता, बुद्धवंदना आणि जेवण, फार साधा. इथे त्यांना शाल देण्यासाठी बोलावलं होतं. शाल मांडीवर घेऊन ते सभाभर फोटोकडे बघत होते. संपल्यावर माझ्याजवळ आले आणि विचारलं, "नितीनभाऊ, हे मूठ कोनाची व्हय?" मी म्हणालो, "एका लेकराची." ते म्हणाले, "थे दिसून राह्यलं. कोन्या लेकराची?" मी म्हणालो, लक्षात नाही. चाळीस दिवसही झाले नव्हते त्या बाईला जाऊन, आणि तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघून मी म्हणालो की लक्षात नाही. मागून साहेब आले, त्यांनीही मूठ पाहिली आणि क्लार्कला म्हणाले, "हे जरा एडिट करून घ्या. बरं दिसत नाही." हरिभाऊंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खोलीचा चार्ज घेण्यात आला. खेळणी, टेबल, आरसा, सगळं रजिस्टरवर होतं. सतरंजी त्यांनी घरून आणलेली, म्हणून कुठेच नव्हती. मी पोचलो तोवर तिचा अर्धा भाग फाडून त्याने कूलर पुसून झाला होता. उरलेली मी घडी करून उचलली. बाहेर बाकावर समुद्रपूरकडची एक न्हाऊ घालणारी बाई लेकरू घेऊन बसली होती. जामवरून बस बदलून आली होती. क्लार्क तिला सांगत होता की विकासतज्ज्ञाची जागा रिक्त आहे, भरल्यावर कळवू. ती म्हणाली, "लेकरू तोवर थांबन का जी?" क्लार्क मोबाइलकडे बघत "पुढच्या महिन्यात या" म्हणाला. मी त्या लेकराला आत घेतलं. उठवलं. रडू दिलं. तरी टेबलावरच घेतलं, कारण पायावर घ्यायला येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी साडेसातची बस पकडली. रोशनीच्या अंगणात चूल पेटलेली होती, पाणी तापत होतं. सुमनबाई मोरीत बसलेली, साडी खोचलेली. मला बघून तिला नवल वाटलं नाही, तिने नुसती जागा सरकवली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओल्या फरशीवर बसलो आणि पाय पसरले. म्हणालो, "द्या." दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग रोशनीने परीला आणून माझ्या पायांवर ठेवलं. तिचं डोकं माझ्या गुडघ्यांच्या बाहेर लटकायला लागलं, कैचीतले पाय दुसऱ्या बाजूने मोरीच्या कट्ट्याला आपटले. मी तिला वर ओढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. सुमनबाईने हळूच तिच्या मानेखाली हात घातला. "सर, आता तीन वर्साची झाली ते. पायावर नाई मावत आता."

आम्ही तिला फरशीवर फडक्यावर घेतलं. मी उजवी मूठ धरली आणि अंगठा काढायला बोटं ओढली. मूठ आणखी घट्ट झाली, परीचा चेहरा वेडावाकडा झाला. "वढू नका," सुमनबाई म्हणाली, "ताई वढत नव्हत्या. आधी मनगट खाली वाकवा. मंग थे आपोआप सोडते." हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. मनगट वाकवलं. बोटं सैल झाली, अंगठा बाहेर आला आणि तो वास आला. तोच. मला ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी उठलो नाही. करंगळीने एकेक घडी पुसली.  रोशनी पाणी ओतत होती. ओततानाच तिने विचारलं, "सर, थ्या कागदावर सही तुमची होती ना?"

मी हो म्हणालो. एवढंच. झोपेचं, शिबिराचं काही सांगितलं नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "ताईनं सांगतलं होतं, सासूसमोरच. म्हने, इनं ग्रहनात काई केलं नाई, चूक आमच्या दवाखान्याची आहे, हे पाहा सही. तवापासून सासू मले बोल लावत नाई." तिने तांब्या खाली ठेवला. माफ केलं, असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं आणि मी ते शोधतही नव्हतो. "पानी थंडं होऊन राह्यलं सर. दुसरा हात धुवा. अन् येत जाजा. ताई मंगळवार चुकवत नव्हती."

नवीन फोटो एडिट होऊन आला आहे. हॉलमध्ये लावला आहे. त्यात ताईंचा खांदा स्वच्छ आहे, मूठ जिथे होती तिथे पदराचं नक्षीकाम ओढून घेतलं आहे आणि त्या कोण्या बँकेच्या जाहिरातीतल्या बाईसारख्या दिसतात. मागच्या रविवारी हरिभाऊंकडे गेलो आणि मूठ कोणाची ते सगळं सांगितलं, सहीसकट. ते ऐकत राहिले, मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला. जुना फोटो क्लार्क टाकून देत होता, तो मी घेतला. आता तो आमच्या खोलीत आहे, टेबल भिंतीला सरकवून जी जागा झाली तिथे, अर्ध्या सतरंजीच्या वर, जमिनीवर बसल्यावर डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर. मंगळवारी अल्लीपूरला परीचा अंगठा बाहेर येतो आणि पाच-सात मिनिटं बाहेर राहतो. फोटोत मात्र तो आतच आहे.